तीन फूट डावीकडे

गावाला पाणी सोडतो मी. अनेरकाठच्या ह्या गावात
सोळा व्हॉल्व्ह, एक चावी, माझ्या कमरेएवढी.
जमिनीच्या वर कोण कोणाचं काय लागतं ते तुम्ही सांगा,
खाली कोणाची नळी कोणाला जुळते ते मला विचारा.

त्या श्रावणात गाव पिवळं झालं.
आधी डोळे, मग नखं. कानबाईचे रोट भाजले घराघरात
आणि खाणाऱ्यांनी ताटावरून तोंड फिरवलं.
भिलाटीतली गुमली गेली, सातवा चालू होता तिला,
मग सुताराचा मधला पोरगा,
मग मोजायचं आम्ही सोडलं.

लोटनआप्पा सरपंच. खोटं कशाला बोलू, माणूस सोन्याचा.
मोतीबिंदूचं शिबिर भरवून त्यानं ब्याऐंशी म्हाताऱ्यांना
आपापल्या सुना दाखवल्या होत्या.
तो चावडीच्या ओट्यावर उभा राहिला, खांद्यावरचा टॉवेल काढला:
"ज्याची घाण पाण्यात उतरली, त्याचं पाणी मी तोडीन.
सख्खा भाऊ असला तरी. शिवेबाहेर घालवीन."
टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

पाराशी उखर्डूबाबा बसलेला. देवीनं लहानपणीच डोळे नेलेले,
म्हणून शिबिरातून तसाच परत आलेला.
तो म्हणाला, "नको खंदू रे लोटन.
तुनी माय सुखमा शे, ऱ्हाऊ दे."
आप्पा चिडला. आंधळ्याला काय दिसतं म्हणाला.
बाबानं नाक वर केलं फक्त,
वारा कुठून येतो ते बघावं तसं.

आम्ही खणत गेलो. मराठी शाळा, दूध डेअरी, मारुती.
दर दहा पावलांवर गुन्हेगार बदलायचा,
आधी भिलाटी, मग खाटिकगल्ली,
मग कोणी म्हणालं, पाणी सोडणाराच.
आप्पा स्वतः टिकाव मारी. साठीचा माणूस, तळहात फुटलेले.
आणि एकाच घरात कोणी पिवळं पडलं नव्हतं
हे सगळ्या गावाला दिसत होतं.
आप्पा म्हणायचा, पुण्याई.
त्याच्या स्वयंपाकघरात फिल्टर होता.

माझी पोरगी चोपड्याला कॉलेजात. ती तेव्हा एक नाटक वाचत होती,
ग्रीस देशाचं, अडीच हजार वर्षांमागचं.
म्हणे राजा गुन्हेगार शोधत फिरतो.
म्हणे बघणाऱ्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.
मी म्हटलं, मग येतात कशाला?
ती म्हणाली, बाबा, तो थांबतो का ते बघायला.

चौथ्या दिवशी दुपारी नळी आप्पाच्याच कुंपणात शिरली.
मी म्हटलं, आप्पा, आता उद्या.
तो म्हणाला, खण.
मग माझ्या हातून टिकाव त्यानंच घेतला.

शोषखड्डा निघाला.
आईला लकवा झाला तेव्हा चार दिवसांत बांधलेला संडास,
रात्री तिला ओसरी उतरावी लागू नये म्हणून.
गवंडी म्हणाला होता, खाली जुनी लाइन आहे,
तीन फूट डावीकडे घ्या.
डावीकडे वडिलांनी लावलेला कडुनिंब.
आप्पा म्हणाला होता, काही होत नाही.

सहाव्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते म्हणतात.
लिहीत असेल. पण त्या दिवशी टेपचं दुसरं टोक
माझ्या हातात होतं.
ती लाइन ज्याला पाठ, असा गावात मी एकटा,
आणि मी चहा पीत गप्प बसलो.

आप्पानं चष्मा काढला, खड्ड्याच्या काठावर ठेवला.
माझ्याकडून चावी मागून घेतली.
स्वतःच्या घराचा व्हॉल्व्ह बंद केला,
गच्च झाल्यावर आणखी अर्धा आटा.
रात्रीच्या सुरतेच्या गाडीत आईला उचलून चढवताना
त्यानं पायानं पायरी चाचपली.
चष्मा तिथंच राहिला होता. मी धावत नेऊन दिला नाही.

पोरगी सांगते, त्या नाटकात शेवटी एक निरोप्या येतो,
आत काय झालं ते बाहेर सांगतो.
त्याला नाव नसतं.

कडुनिंब आहे अजून.
पहाटे साडेचारला मी चावी फिरवतो,
नळ खोकतो, हवा जाते,
आणि पहिली ओंजळ मी पितो.